मिठाची घरे, पाण्याचा सांगावा

मोरोक्कोचा इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादहून आपल्या खानदेशातल्या नंदुरबारला आला होता. इथले लोक भात, भाजी अन् तिळाचे तेल खातात, असे त्याने नोंदवले. (शेंगदाणा तेव्हा कुठला!) हाच माणूस १३५२ मध्ये उंटांच्या काफिल्याबरोबर सहारा वाळवंटात शिरला. पंचवीस दिवसांनी तघाझा गाव लागले. घरे मिठाच्या लाद्यांची, छपरे उंटाच्या कातड्याची. झाड एकही नाही. तिथून पुढे 'तक्शीफ' नावाचा सांगाव्या एकटाच वलाता गावी जाई. मग गावकरी पाणी घेऊन चार दिवसांची वाट सामोरे येत. तो वाटेतच मेला, तर गावाला खबर नाही आणि काफिल्याला पाणी नाही. त्याचे मोल म्हणून सोन्याचे शंभर मिस्काल मोजले गेले. जास्त नव्हेत! पुढे माली राज्यात, एका रात्री नदीकाठी सोळा धिप्पाड जनावरे दिसली. बतूताला वाटले, हत्ती. ती पाण्यात उतरली, तेव्हा सोबत्याने सांगितले, हे पाणघोडे.