पहिल्या तासाचा हिशेब

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की शहराची वस्ती विरळ होत जाते आणि मग बख्शी का तालाब नावाचे ठिकाण लागते. बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. हे नाव आपल्याकडेही आडनाव होऊन राहिले आहे. नवाबी अमदानीतल्या अशाच एका बक्षीच्या तलावावरून या गावाला नाव पडले. आज ते लखनौ जिल्ह्यातील एका तहसिलीचे ठाणे आहे. तेथे हवाई दलाचा तळ आहे, ग्रामीण विकासाचे शिक्षण देणारी संस्था आहे आणि आसपासच्या खेड्यांसाठी सामुदायिक आरोग्यकेंद्रही आहे. राजधानी हाकेच्या अंतरावर, पण भोवती शेते आणि आमराया, असे हे शहर आणि खेडे यांच्या सांध्यावरचे ठिकाण आहे. आजच्या विषयासाठी मी श्रोत्यांना मनाने तेथे नेतो आहे, ते या सांध्यासाठीच. घरातले बाळंतपण दवाखान्यात आले म्हणजे नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे अशा जागी फार स्पष्ट दिसते.

समजा, अशा एखाद्या आरोग्यकेंद्रात पहाटे तीन वाजता एका एकोणीस वर्षांच्या मुलीचे पहिले बाळंतपण झाले. परिचारिकेने नाळ कापली, बाळ पुसून कापडात गुंडाळले, तराजूत घालून वजन वहीत लिहिले आणि बाहेर बसलेल्या आजीच्या मांडीवर दिले. आई अजून टेबलावरच आहे. टाके घालायचे राहिले आहेत. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई वेणा देते आहे आणि परिचारिका एकटी आहे. इकडे आजीने घरून आणलेल्या मधाचे बोट नातवाला चाटविले. दोन-अडीच तासांनी आई खाटेवर आली, आणखी थोड्या वेळाने बाळ तिच्या कुशीत आले आणि मग कोणीतरी म्हणाले, आता पाजून पाहा. हे चित्र कल्पनेतले आहे. पण ज्यांनी आपल्या देशातील गर्दीची बाळंतखोली पाहिली आहे, त्यांना ते अनोळखी वाटणार नाही. या चित्रात वाईट असे कोणीच वागलेले नाही, आणि तरीही बाळाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा तास हातचा गेला आहे.

तो मोलाचा का, हे थोडक्यात सांगतो. प्रसूतीनंतर प्रथम येणाऱ्या दाट पिवळसर दुधाला आपण चीक म्हणतो. त्यात रोगांना अटकाव करणारी द्रव्ये भरपूर असतात. आईच्या छातीशी लागलेले बाळ उबेत राहते. आणि बाळ चोखू लागले की आईचे गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव आवरण्यास मदत होते. एका साध्या कृतीत दोन जिवांची राखण आहे. गंमत अशी, की गाय व्याली म्हणजे तिच्या चिकाचा खरवस करून आपण शेजारीपाजारी वाटतो. पण घरातल्या बाळंतिणीचा तोच चीक निकस समजून पिळून टाकण्याची चाल कितीतरी घरांत होती, आणि काही ठिकाणी अजूनही आहे.

आता आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही १९९२-९३ सालापासून काही वर्षांच्या अंतराने घेतली जाणारी मोठी नमुना पाहणी आहे. तिच्या २०१५-१६ च्या फेरीत उत्तर प्रदेशातील शेकडा ६७.८ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ८३.४ वर गेले. ही वाढ लहान नव्हे. त्याच दोन फेऱ्यांत, जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण मात्र शेकडा २५.२ वरून २३.९ वर आले. दोन्ही आकडे अगदी त्याच बाळांचे नव्हेत: दवाखान्यातील बाळंतपणांची मोजणी मागील पाच वर्षांची असते आणि पहिल्या तासाच्या दुधाची मोजणी तीन वर्षांखालील मुलांची. शिवाय हे सारे आईच्या आठवणीवर अवलंबून. तरीही फरक इतका ठळक आहे, की या बारकाव्यांनी तो पुसला जात नाही. आणि हे ऐकून महाराष्ट्रातील श्रोत्यांनी फार निर्धास्त होऊ नये. २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील शेकडा ९४.७ बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. पहिल्या तासात दूध मिळालेली बाळे होती शेकडा ५३.२.

इतकी वर्षे आपण काय समजत होतो? समजत होतो, की आई अडाणी आहे, सासू जुन्या वळणाची आहे, दाई अस्वच्छ आहे. बाळंतपण एकदा शिकलेल्या हातात आले, की बाकीचे आपोआप होईल. पालकशिक्षणाचे बहुतेक तक्ते आणि व्याख्याने याच समजुतीवर उभी राहिली. पाहणीने दाखविले ते वेगळेच. बाळंतपण शिकलेल्या हातात आले, पण तो तास तसाच राहिला. म्हणजे धडा द्यायचा तो केवळ आईला नव्हे. धडा देणारीला आपण काय शिकविले, हेही तपासले पाहिजे. माझ्या मते या सगळ्या आकड्यांतून निघणारी खरी गोष्ट एवढीच आहे, आणि ती आपण पुरेशा प्रामाणिकपणे मान्य केलेली नाही.

प्रश्न विचारून शुश्रूषा सुधारण्याचा विचार नवा नाही. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची दिवा घेतलेली मूर्ती आपण पाठ्यपुस्तकात पाहिलेली असते. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. परंतु येथील लष्करी ठाण्यांकडे त्यांनी पाणी, गटारे, बराकी आणि आजार यांविषयी छापील प्रश्नावल्या धाडल्या होत्या. आलेल्या उत्तरांवरून त्यांनी केलेले विवेचन १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात समाविष्ट झाले. दिव्याइतकीच प्रश्नावलीही त्यांच्या हातात होती, हे परिचारिकांच्या विद्यालयांत आवर्जून सांगितले पाहिजे.

पण प्रश्नावली ही दुधारी वस्तू आहे. आईला विचारले, “बाळाला पहिल्या तासात पाजावे हे तुम्हाला माहीत आहे का?” तर ती हो म्हणते. त्यातही विचारणारी पांढऱ्या गणवेशातली असेल, तर हमखास म्हणते. कोणते उत्तर दिले म्हणजे समोरची बाई प्रसन्न होईल, हे तिला चांगले कळते. या उत्तरांचा अहवाल केला, की सर्वांना सर्व माहीत आहे असे दिसते आणि कोणाला काही शिकवायचे उरत नाही. म्हणून जाणते पाहणीकार ‘माहीत आहे का’ असे न विचारता ‘काय झाले’ असे विचारतात: बाळ जन्मल्यावर कोठे ठेवले, पुसले कोणी, न्हाऊ कधी घातले, तोंडात पहिल्यांदा काय गेले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते फक्त आईला विचारून थांबत नाहीत.

असे नीट विचारल्याने काय साधते, याचे एक उदाहरण बख्शी का तालाबपासून फार दूर नाही. लखनौच्या शेजारच्या रायबरेली जिल्ह्यात शिवगढ नावाचा विकासखंड आहे. लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या सहकार्याने डॉ. विश्वजीत कुमार आणि त्यांचे सहकारी तेथे काम करीत होते. उपदेशाला आरंभ करण्यापूर्वी त्यांनी लोकांना बोलते केले. त्यातून कळले, की वार पडेपर्यंत बाळ उघडेच भुईवर ठेवले जाई, लगेच त्याला न्हाऊ घातले जाई आणि दूध उशिरा मिळे. थंडीने गारठलेले बाळ आजारी पडले, तर त्याचे कारण गारठ्यात न शोधता बाहेरच्या बाधेत शोधले जाई. मग त्यांनी शिकवणीचा गाभाच बदलला. रोगजंतूंची शास्त्रीय नावे दूर ठेवून बाळाची ऊब हा विषय केंद्रस्थानी आणला, कारण ऊब प्रत्येक आजीला कळते. बाळ आईच्या उघड्या छातीशी धरणे, अंग लगेच पुसणे, न्हाण पुढे ढकलणे या गोष्टी त्यांनी एकट्या आईला न सांगता साऱ्या घराला आणि शेजारालाही सांगितल्या. सुमारे एक लाख चार हजार वस्तीत केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेथे ही शिकवण पोचली, त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेने शेकडा ५४ ने कमी झाले होते. औषध नवे नव्हते आणि यंत्रही नव्हते. आधी ऐकून मग सांगितले गेले, इतकेच.

मराठी मुलखातले याच जातीचे काम अधिक जुने आणि आपल्या अधिक परिचयाचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ साली ३९ खेड्यांत ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नोंद केली. यांतील शेकडा ५४.४ बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांच्या नजरेस पडली होती ती शेकडा २.६. या दोन आकड्यांमधली दरी इतकी खोल आहे, की डॉक्टरांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्यांना काय शिकवावे, हेही या नोंदींवरूनच ठरले: बाळ मरते कशाने, कोणत्या दिवशी, आणि त्यापूर्वी कोणती लक्षणे दिसतात. १९९३-९५ मध्ये तेथे हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत असत. १९९७-९८ मध्ये ते २५.५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते त्या वर्षी ५९.६ होते. पुढे २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली आणि आशा कार्यकर्तीच्या घरभेटी ठरल्या.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाळंतपण घरी झाले, तर आशाची पहिली भेट पहिल्याच दिवशी व्हावयाची असते. ते दवाखान्यात झाले, तर घरभेटींचा क्रम तिसऱ्या दिवसापासून सुरू होतो. हे योग्यच आहे, कारण पहिले दोन दिवस बाळ दवाखान्याच्या हवाली असते. परंतु याचा अर्थ असा, की बख्शी का तालाबच्या त्या आजीजवळ पहाटे तीन वाजता बसलेले शहाणे माणूस एकच, ती बाळंतखोलीतली परिचारिका. गडचिरोलीने आणि शिवगढने घर शिकविले. तो पहिला तास आता घरातून उठून तिच्या खोलीत आला आहे.

मग तिच्या अभ्यासक्रमाचे काय? ‘स्तनपानाचे फायदे लिहा’ हा प्रश्न परीक्षेत विचारला जातो आणि मुली त्याचे सुंदर उत्तर लिहितात. पण टाके घातले जात असताना बाळ आईच्या छातीवर कसे ठेवावे, ते चोखत नसेल तर मान कशी धरावी, आणि मधाची बाटली घेऊन आलेल्या आजीचा अपमान न करता ती बाटली पिशवीत परत कशी जाईल, याची परीक्षा कागदावर होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने पदवी अभ्यासक्रमाची २०२१ साली अधिसूचित केलेली नवी आखणी हाताच्या कौशल्यावर अधिक भर देते, ही चांगली गोष्ट आहे. तथापि कौशल्यांची यादी विद्यापीठात बसून करता येत नाही. तिच्यासाठी बाळंतखोलीच्या कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसावे लागते. बाळ किती वाजता जन्मले, कोणाच्या हातात गेले, आईपासून किती मिनिटे दूर राहिले आणि का, असे पन्नास बाळंतपणांचे टिपण जमले, तर परिचारिकांच्या शिक्षिकेला पुढच्या वर्षी काय शिकवावे हे कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.

मात्र अशा टिपणातून कधीकधी अप्रिय उत्तरही निघेल. दोन टेबले आणि एकच परिचारिका असेल, तर दोष शिकवणीचा नाही, माणसांच्या संख्येचा आहे. अशा ठिकाणी अभ्यासक्रमात आणखी एक प्रकरण घालणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचे फायदे समजावणे होय. पाहणी करणाऱ्यांनी हे उत्तर दडवू नये, आणि पाहणी करविणाऱ्यांनी ते वाचून फाइल मिटू नये. आपल्याकडे दुसरे अधिक घडते.

आणि पालकशिक्षण? त्याचीही वेळ आणि माणसे बदलावी लागतील. गरोदरपणातल्या तपासणीला सून येते. सासू बाकावर बसून राहते आणि नवरा फाटकाशी सायकल धरून उभा असतो. समजुतीच्या गोष्टी आपण नेमक्या त्या मुलीला सांगतो, जिच्या हातात त्या पहाटे काहीच नसणार. बाळ प्रथम ज्यांच्या मांडीवर जाते, त्यांना महिनाभर आधी आत बोलावून दोन खुर्च्या दिल्या, तर खर्च खुर्च्यांचाच.

माझ्या हाती पुढच्या पाहणीची प्रश्नावली आली, तर तिच्यात एकच प्रश्न वाढवावा असे वाटते. तो आईला विचारावा, आणि त्याच बाळंतपणाबद्दल परिचारिकेलाही निराळा बसवून विचारावा: “बाळ पहिल्यांदा आईच्या हाती कोणी दिले, आणि जन्मल्यावर किती वेळाने?” दोघींची उत्तरे शेजारी शेजारी लिहिता यावीत, म्हणून कागदावर दोन रकाने आखावेत.