छत बदलताय? आधी कागद बघा, मग भिंत, मग पत्रा

मे महिना लागला की नाशिकच्या वस्त्यांमध्ये छपरांची कामं निघतात. बहुतेक घरांत प्रश्न एकच असतो: पुन्हा पत्राच टाकायचा, की कर्ज काढून एकदाचा स्लॅब? वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसतं, की हा निर्णय दोन दिवसांत होतो आणि मिस्त्रीच्या शब्दावर होतो. मिस्त्रीला पत्र्याची जाण असते, घराच्या कागदांची नसते. कागदांची जाण असलेल्या कार्यकर्त्याला भिंतीची जाडी माहीत नसते. आपल्या तरुणांनी दोन्ही समजून घ्यावं म्हणून हे लिहितो आहोत.

सुरुवात परवानगीपासून. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. पण इमारतीचं बाहेरचं रूप फारसं न बदलणारी दुरुस्ती त्यातून वगळलेली आहे. राष्ट्रीय इमारत संहिताही कौलं बदलणं आणि छप्पर नव्याने घालणं परवानगी न लागणाऱ्या कामांत धरते. अट एवढीच, की इमारतीची मजबुती आणि आगीपासूनची सुरक्षा यांच्या नियमांना त्याने धक्का लागता कामा नये. नाशिक महापालिका हद्दीत डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. व्यवहारात याचा अर्थ असा: तीच लांबी, तीच रुंदी, तीच उंची ठेवून जुन्या पत्र्याच्या जागी नवा पत्रा टाकला तर ती दुरुस्ती. भिंत चार फूट वाढवली, पोटमाळा काढला, बाहेरून लोखंडी जिना लावला किंवा पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला, तर ते बांधकाम. त्याला परवानगी लागते. नसेल तर कलम ५३ ची नोटीस येऊ शकते.

आमचा आग्रह असा, की साध्या दुरुस्तीलाही महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात एक साधा अर्ज द्यावा. सोबत जुन्या छपराचे फोटो जोडावेत आणि पोच घेऊन ती जपून ठेवावी. उद्या शेजाऱ्याने तक्रार केली तर हा कागद बोलतो. मात्र दुरुस्तीच्या सवलतीने अनधिकृत घर अधिकृत होत नाही, हेही घरच्यांना स्पष्ट सांगावं. नासर्डी, वाघाडी, गोदावरीच्या काठी निळ्या पूररेषेच्या आत घर असेल, तर स्लॅबचा विचारच करू नये. भाड्याच्या घराचं छत गळत असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम १४ बघावं. दुरुस्तीची जबाबदारी घरमालकाची आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने काम केलं नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो.

आता कर्जाचं. बचत गटातून, मायक्रोफायनान्समधून पैसे उचलून स्लॅब टाकण्याआधी एक प्रश्न विचारायचा: या घराला रमाई आवास मिळू शकतं का? ही योजना २००८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. शहरात २ लाख ५० हजारांचं अनुदान आणि २६९ चौरस फुटांचं घर असं तिचं स्वरूप आहे. ती बेघरांसाठी आणि कच्च्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे. कर्ज काढून स्लॅब टाकला की घर पक्कं ठरतं आणि दार बंद होतं. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात. आधीच करून टाकलेल्या कामाचे पैसे मागून मिळतील, या भरवशावर राहू नये.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली जात प्रमाणपत्राची. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मराठवाड्यातून किंवा खानदेशातून नाशिकला आलेल्या कुटुंबांचा तो पुरावा इथे सापडत नाही. आजोबांच्या शाळेचा दाखला नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल मूळ गावच्या तहसिलीतून काढावी लागते, आणि तिला वेळ लागतो. हे काम मेमध्ये नव्हे, दिवाळीनंतर लगेच सुरू करायला हवं. दुसरी अडचण जागेची, आणि ती मोठी आहे. जागा नावावर नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. घरकुलासाठी सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचं धोरण राज्यात आहे, पण रस्त्याच्या, नदीच्या किंवा आरक्षित जागेला त्याचा उपयोग नाही. दादासाहेब गायकवाडांच्या जिल्ह्यात अजून ही लढाई अडकली आहे ती पायाखालच्या जागेपाशीच. छपराचा नंबर नंतर लागतो.

कागद जुळला तरी भिंत जुळते का? दहा बाय पंधरा फुटांची खोली घ्या, म्हणजे साधारण १४ चौरस मीटर. चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो, म्हणजे त्या खोलीवर साडेतीन टन. मंगलोरी कौलं लाकडासकट चौरस मीटरला साधारण ५०-६० किलो भरतात, सिमेंटचा पत्रा १५ च्या आसपास आणि अर्धा मिलिमीटरचा लोखंडी पत्रा साडेचार किलो. त्या खोलीच्या सगळ्या लोखंडी पत्र्यांचं वजन ६५ किलोही होत नाही. साडेचार इंची विटेच्या, पिलर नसलेल्या भिंतीवर साडेतीन टन चढवणं म्हणजे घरातल्यांच्या जिवाशी खेळ आहे. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतं, हेही विसरू नये. स्लॅब हवाच असेल तर पायापासून पिलर काढावे लागतात, आणि तेव्हा ते नवं घर असतं.

पत्रा हलका आहे ही त्याची सोय, आणि तोच त्याचा धोका. वाऱ्याच्या भारतीय मानकात नाशिकचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. त्या झोताचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या घरात जातो, आणि छपरावर तो बऱ्याचदा वरच्या दिशेने ओढतो. एका चौरस मीटरवरची ही ओढ अख्ख्या खोलीच्या पत्र्यांच्या वजनापेक्षा जास्त! वर ठेवलेले दगड, टायर याला पुरे पडत नाहीत, उलट ते कुणाच्या तरी डोक्यात पडतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा असेच पत्रे उडाले होते. म्हणून पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, बांधणीत नको. अँगल किंवा पाइप भिंतीत काँक्रीटमध्ये पक्का गाडलेला हवा. स्क्रू रबरी वायसरसकट, नळीच्या माथ्यावर. वळचणीला आणि कडेच्या रांगेला स्क्रू जवळजवळ मारा, कारण ओढ तिथे सगळ्यात जास्त असते. वरचा पत्रा खालच्यावर किमान सहा इंच यावा. दुकानात 'भारी पत्रा' मागू नका, मिलिमीटरमध्ये जाडी आणि जस्ताचा थर विचारा. आयएस २७७ हे मानक पत्र्यावर छापलेलं असतं का ते बघा. चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्ताचा पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा दिसायला सारखेच असतात. गंज कुणाला आधी लागतो, हे काही पावसाळ्यांनी कळतं.

उन्हाचं काय? पत्र्याखाली एप्रिलची दुपार म्हणजे काय असतं, ते घरी बिड्या वळणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारा. वरून पांढरा उष्णतारोधक रंग हा सगळ्यात स्वस्त उपाय. चुनाही चालतो, पण पावसात धुऊन जातो. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी थंड छतांचं धोरणच आणलं. भिंतीच्या डोक्याला हवा खेळायला जाळी ठेवावी. खालून थर्माकोल लावू नये, तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कौलारू छप्पर या सगळ्यांत थंड, पण त्याला चांगला उतार, लाकूड आणि दरवर्षी परतणारा माणूस लागतो. (विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंना पाच प्रकारच्या छपरांची मुभा आहे: विटा, दगड, चुना, गवत आणि पानं. वस्तीतल्या विहारांवर पत्रा टाकताना तरी उन्हाचा विचार व्हावा.)

शेवटचं काम जुनं छप्पर उतरवण्याचं, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं. आपल्याकडचे जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक करून अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहेत. साठाहून अधिक देशांत त्यावर बंदी आहे. भारतात पत्रे अजून सर्रास विकले जातात. पत्रा अखंड असताना धोका कमी असतो. तो फोडला, कापला, ड्रिलने भोक पाडलं, तारेच्या ब्रशने घासला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात. आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, त्यामुळे त्याचा आणि पत्र्याचा संबंध कुणी जोडत नाही. घण घालून पत्रे फोडणारा पोरगा, तुकडे टोपलीत वाहणारी बाई आणि दुसऱ्या दिवशी तो ढिगारा झाडणारा सफाई कामगार, तिघंही बहुतेक आपल्याच वस्तीतले असतात.

म्हणून नव्या कामात हा पत्रा घेऊच नये. जुना उतरवायचा तर आदल्या रात्री आणि काम चालू असताना पाणी मारून ओला ठेवावा. हूक कापून तो अखंड खाली घ्यावा, वरून टाकू नये. हा पत्रा ठिसूळ असतो, त्यावर थेट पाय देऊन माणसं आरपार पडतात. फळी टाकून अँगलच्या रेषेवरच चालावं. साधा रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही, एन-९५ च्या वरच्या दर्जाचा श्वसनमास्क हवा. मुलांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवावं आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. झाडू कोरडा मारू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकावं. टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर लिहून, महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवून मगच द्यावेत. उरलेल्या पत्र्यांची न्हाणी, कोंबड्यांचं खुराडं किंवा कपडे धुण्याचा ओटा करू नये.