समजून घ्या : पुण्यातली इराणी हॉटेलं का मिटली?

एकेकाळी डेक्कनवरचं ‘लकी’ आणि कॅम्पातलं ‘नाझ’ ही इराणी हॉटेलं कायम गजबजलेली असायची. आज दोन्ही नाहीत. डेक्कनवर १९३५ पासूनचं ‘गुडलक’ मात्र टिकून आहे.

कोपऱ्यावरच का?
कोपऱ्याची जागा व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना सहज मिळाली, असं सांगतात. दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक त्यांना आयतंच लाभलं.

बंद का पडली?
तोच कोपरा पुढे सोन्याच्या भावाचा झाला. चहा आणि बन-मस्क्याची कमाई त्यापुढे तोकडी पडली. मालकांची पुढची पिढीही इतर व्यवसायांत गेली.

काय गमावलं?
एका चहावर तासभर बसू देणारी जागा. दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची तीच बैठक होती.