पाइप सरळ, पण कुठून?

रुग्णालयाच्या कॉरिडॉरमधली फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवली, तर वर दाटीवाटी दिसते. एसीचे डक्ट, थंड पाण्याचे पाइप, स्प्रिंकलरची लाइन, सांडपाणी, केबलचे ट्रे. ही दाटी आता आधी संगणकावर बसवून पाहतात. २००० साली आलेलं आणि २००२ पासून ऑटोडेस्कच्या मालकीचं असलेलं ‘रेव्हिट’ हे त्यासाठीचं एक रुळलेलं सॉफ्टवेअर. त्यात पाइपला जाडी, उंची आणि ढाळ असतो.

पाइप किंवा डक्ट काढताना त्यात एक निवड करावी लागते: दोन तुकडे जोडताना काय जुळवायचं? मध्य, माथा की तळ?

मापं सारखी असतील तर फरक पडत नाही. पण ४०० मिमी उंचीचा डक्ट पुढे ३०० मिमीचा झाला, की मध्य जुळवल्यावर तळ ५० मिमी वर चढतो आणि माथा तेवढाच खाली येतो. तळ जुळवला तर हँगरचे आधार एका लेव्हलला राहतात, मात्र वाचलेली जागा वर स्लॅबपाशी जाते. माथा जुळवला तर तेच १०० मिमी डक्टखाली मोकळे होतात आणि तिथून स्प्रिंकलरचा पाइप आडवा नेता येतो.

पाण्याच्या पाइपात हा प्रश्न निव्वळ जागेचा उरत नाही. पंपाकडे जाणारा आडवा सक्शन पाइप लहान होताना मध्य जुळवला, तर माथ्याशी हवा अडकते आणि ती पंपात शिरली की पंप नीट चालत नाही. म्हणून तिथे सहसा सपाट माथ्याचा, एकांगी रेड्यूसर लावतात. कारखान्यातल्या पाइप रॅकवर नेमकं उलटं: पाइप आडव्या बीमवर टेकायचे असतात, त्यामुळे तळ एका रेषेत लागतो.

मापांचीही गंमत आहे. १०० मिमीचा म्हणून ओळखला जाणारा पोलादी पाइप बाहेरून ११४.३ मिमी भरतो. त्यावर २५ मिमी इन्सुलेशन चढवलं, की तो १६४ मिमीच्या पुढे जातो. इन्सुलेशन मॉडेलमध्ये घातलंच नाही, तर पडद्यावर सुटसुटीत दिसणारे पाइप साइटवर एकमेकांना भिडतात.

सांडपाण्याला तर तडजोड मंजूरच नसते. १०० ला १ असा ढाळ दिला, तर १२ मीटरमध्ये पाइप १२० मिमी उतरतो. वाटेत बीम आला म्हणून त्याला वर उचलता येत नाही. त्यामुळे जाणकार मॉडेलमध्ये सांडपाण्याच्या लाइन आधी टाकतात, मग मोठे डक्ट, नंतर दाबाखालचे पाइप; सहज वळणाऱ्या वायरींचा नंबर शेवटी लागतो.