संघटनेचा तिसरा पाद : कार्यालयीन सेवकांच्या गौरवाविषयी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार याप्रमाणे एकूण सोळा गुण आचार्यांनी गणले. या चतुष्पादात वैद्य प्रधान होय, हे तेथेच स्पष्ट केलेले आहे. तथापि गुणांची गणना करताना वैद्याला चार, तर परिचारकालाही चारच. उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे ते परिचारकाचे चार गुण. विद्यार्थिदशेत पाठ केलेले हे सूत्र आपण रुग्णालयात स्मरतो. आपल्या व्यावसायिक संघटनांच्या कारभारात मात्र त्याचे विस्मरण होते.

संघटनेलाही चार पाद असतात. कार्यकारिणी हा भिषक्, निधी व साधने हे द्रव्य, आणि सभासद हा चौथा पाद. (सभासदांना रोग्याच्या जागी बसविल्याचा राग नसावा, तक्रारी घेऊन येणारे तेच असतात!) उरला तिसरा पाद, म्हणजे कार्यालयातील व्यवस्थापक, लिपिक आणि शिपाई. पदाधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात. हा पाद मात्र वीस-पंचवीस वर्षे एकाच जागी उभा असतो.

हिंजवडी, वाकड, माण या परिसरात चिकित्सा करणाऱ्यांना याचा अनुभव अधिक येतो. संगणक कंपन्यांतील मंडळी मान व पाठ धरून येतात ती कामावरून सुटल्यावर. त्यामुळे दवाखाना बंद होईपर्यंत रात्र होते. त्यानंतर कार्यकारिणीची सभा भरली, तरी इतिवृत्त लिहिण्याचे त्राण कोणात उरते? ते लिहिले जाते दुसऱ्या दिवशी, कार्यालयात, आणि खाली सही मात्र सचिवांची असते.

या कामाचे मोल ते चुकल्यावर कळते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार नोंदलेल्या संस्थेत निवडणूक होऊन विश्वस्त बदलले, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदलाची नोंद, म्हणजेच चेंज रिपोर्ट, सादर करावी लागते. लेखापरीक्षणाचा अहवालही मुदतीत जावा लागतो. ही कागदपत्रे राहून गेली, तर दप्तरी जुनीच नावे राहतात आणि बँकेतील सहीपासून जागेच्या करारापर्यंत सर्व कामे अडतात. २००० साली आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी ‘शेड्यूल टी’ आले, तेव्हा फार्मसीचालकांपुढे नोंदवह्या, जागेची रचना व गुणनियंत्रण यांविषयी असंख्य प्रश्न उभे राहिले. अशा वेळी संघटनेचा आधार म्हणजे परिपत्रकाची प्रत जपून ठेवणारा आणि दूरध्वनीवर न कंटाळता उत्तर देणारा माणूसच होय.

कार्यालय भक्कम असेल तर संघटना काय करू शकते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९३४ साली ए. आर. भट यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठा चेंबरची स्थापना झाली. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये एमआयडीसी आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, असा या पट्ट्याचा औद्योगिक प्रवास घडत असताना चेंबर उद्योजकांचे म्हणणे शासनापुढे मांडत राहिले. या संस्थेच्या प्रशासनात दीर्घकाळ राहून महासंचालकपद भूषविणारे डॉ. बी. आर. साबडे यांनी एम. व्ही. नामजोशी यांच्यासमवेत भारतातील वाणिज्य मंडळे व व्यापारी संघटनांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. संघटना चालवताना आलेली समज ग्रंथरूपाने पुढील पिढ्यांसाठी राहिली, ही मोठीच गोष्ट. हिंजवडीतील कंपन्यांच्या हिंजवडी इंडस्ट्रीज असोसिएशननेही पूर्णवेळ अधिकारी नेमला आणि वाहतुकीसारख्या प्रश्नाचा पाठपुरावा चालू ठेवला. पाठपुरावा हा शब्दच असा आहे की तो फावल्या वेळात होत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. १९०७ साली नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, त्यांचे निधन झाले. संमेलन मात्र टिकले. संस्थापकांच्या पश्चात कोणीतरी पत्रे लिहिली असतील, वर्गणीचा हिशेब ठेवला असेल, पुढील अधिवेशनाची निमंत्रणे धाडली असतील. त्यांपैकी एकाचे तरी नाव आपणास सांगता येईल काय? ही उणीव त्या काळाची म्हणून सोडून देता येईल. आजच्या सेवकांबाबत तसे म्हणता येणार नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देण्याची आपली रीत चांगली आहे. परंतु पुढे काय? १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची कक्षा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरती होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच आकडा कायम राहिला. एक-दोन माणसांवर चालणारे संघटनेचे कार्यालय त्यात बसत नाही. म्हणजे जेथे कायदा संपतो, तेथे आपली कृतज्ञता सुरू व्हावयास हवी.

हिशेब अवघड नाही. कायद्यातील सूत्र असे : अखेरच्या मासिक वेतनास २६ ने भागून १५ ने गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणावे. समजा, वेतन १२,००० रुपये व सेवा २५ वर्षांची आहे. रक्कम होते सुमारे १,७३,००० रुपये. एकदम द्यावयाची म्हटल्यास कोणतीही लहान संघटना बिचकेल. हीच रक्कम २५ वर्षांत विभागली, तर वर्षाला ६,९२३ रुपये. आणि सभासद ३०० असतील, तर प्रत्येकी वार्षिक २३ रुपये. वेतन वाढेल तसा हा वाटाही वाढवावा लागेल, हे खरे. तरीही चूर्णाच्या एका लहान पुडीपेक्षा हा भार जड नाही. सर्वसाधारण सभेने ठराव करून वर्गणीतून हा भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा, आणि तो अन्य खर्चास वापरू नये.

दुसरी सूचना पुरस्काराविषयी. सेवेची वर्षे मोजून दिलेला पुरस्कार हा सवयीचा गौरव ठरतो. आपल्याकडे तर कसोटी तयारच आहे. उपचारज्ञता म्हणजे नियम व कार्यपद्धती यांची जाण. दक्षता म्हणजे मुदत न चुकणे. अनुराग म्हणजे नवख्या सभासदाशीही आपुलकीने वागणे. शुचिता म्हणजे हिशेबातील स्वच्छता. या चार गुणांवर सभासदांकडून लेखी अनुभव मागवावेत आणि त्यांतून निवड करावी. निवड झालेल्या सेवकाचा परिचय छायाचित्रासह त्रैमासिकात, पदाधिकाऱ्यांच्या परिचयाइतक्याच जागेत, छापावा.

तिसरी सूचना ज्ञानाच्या जतनाची. कोणता अर्ज कोठे द्यावा, कोणत्या कपाटात कोणती संचिका आहे, अधिवेशनाची तयारी किती दिवस आधी सुरू करावी, हे सारे एकाच माणसाच्या स्मरणात असते. तो निवृत्त होण्यापूर्वी किमान एक वर्ष त्याच्या हाताखाली नवा माणूस द्यावा आणि कार्यपुस्तिका लिहवून घ्यावी. तिच्या मुखपृष्ठावर त्याचेच नाव असावे. गुरूकडून शिष्याकडे विद्या नेणाऱ्या आपल्या परंपरेला ही रीत परकी वाटू नये.

आगामी वार्षिक सभांच्या विषयपत्रिकेत प्रत्येक शाखेने हा विषय अवश्य घ्यावा. विषयपत्रिका टंकलिखित करून सभासदांना पाठविण्याचे काम नेहमीप्रमाणे कार्यालयातील सेवकच करतील. पण या खेपेस त्या कागदावर त्यांच्या हिताचाही एक विषय असेल.