नाताळच्या ताटातील सुंठ

देवाचा जन्म झाला, पाळण्याची दोरी हलली, फुले आणि गुलाल उधळून झाला, की भाविकांच्या तळहातावर जो प्रसाद पडतो तो सुंठवड्याचा असतो. चैत्र शुद्ध नवमीला माध्यान्ही रामजन्म, चैत्री पौर्णिमेला सूर्योदयी हनुमानजन्म, श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री कृष्णजन्म आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्म. वेळा निराळ्या, कीर्तनाचे आख्यान निराळे, पण सुंठवडा मात्र सर्वत्र तोच. सुंठेची पूड, किसलेले सुके खोबरे, खसखस, तीळ, वेलची आणि पिठीसाखर यांचे ते चिमूटभर मिश्रण जिभेवर आधी गोड लागते आणि मग घशात हलकेच झणझणते.

जन्मोत्सवाला सुंठच का, असा प्रश्न घरातील लहान मुले विचारतात. त्याचे उत्तर आजीपाशी तयार असते. बाळंतिणीला सुंठ द्यावी, ती पचनाला आणि अंगातील वाताला बरी, असा आपल्या घरांतला परंपरागत समज आहे. कौसल्या असो, देवकी असो वा अनसूया असो, साक्षात परमेश्वराला जन्म देणारी माताही आमच्या आयाबायांच्या दृष्टीने आधी बाळंतीण आहे आणि मग जगन्माता. तिच्यासाठी जे घरात कुटले गेले त्याचाच वाटा गावाला मिळतो. देवाच्या जन्माचा प्रसाद मातेच्या औषधातून यावा, यातील वात्सल्य शब्दांनी सांगता येण्यासारखे नाही.

या सुंठेचे आज स्मरण होण्याचे कारण असे, की डिसेंबर महिन्यात आणखी एका जन्मोत्सवाच्या खाऊत हीच सुंठ असते. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचा अर्थच मुळी ‘जन्म’ असा आहे. २०२३ साली तर दत्तजयंती २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. त्या दोन दिवसांत ज्या आळीत एका घरी सुंठवडा वाटला गेला आणि शेजारच्या घरी जिंजरब्रेडची बिस्किटे भाजली गेली, त्या आळीत सुंठेचा वास एकाच वाऱ्यावरून गेला असला पाहिजे.

जिंजरब्रेड म्हणजे सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ आणि मध किंवा काकवीसारखा उसाचा दाट पाक घालून केलेला भाजीव खाऊ. त्याची बिस्किटे चांदणीच्या, घंटेच्या, सूचिपर्णी झाडाच्या वा माणसाच्या आकाराची कापतात, आणि गार झाल्यावर त्यांवर साखरेच्या पांढऱ्या रेघांनी नक्षी काढतात. युरोपातील नाताळात त्याला मानाचे स्थान आहे. मात्र तेथील सुंठेमागे बाळंतिणीचा विचार नाही. कडाक्याची थंडी आणि दूरदेशाहून आलेल्या महागड्या मसाल्यांचे अप्रूप, ही त्यामागची कारणे. सणाच्या दिवशी घरातील मोलाची वस्तू बाहेर काढावी, एवढाच भाव त्यात आहे; पण तोही आपल्याला परका नाही.

ती मोलाची वस्तू गेली होती आपल्याकडूनच. आल्याला संस्कृतात ‘शृंगवेर’ म्हणतात. हाच शब्द प्राकृतातून ग्रीकांच्या आणि रोमनांच्या भाषांत गेला आणि बदलत बदलत इंग्रजांचा ‘जिंजर’ झाला. मलबारच्या किनाऱ्यावरून मिरी आणि सुंठ पश्चिमेकडे जात असे, आणि मालाबरोबर त्याचे नावही जात असे. मध्ययुगातील इंग्लंडात जे जिंजरब्रेड करीत, ते तर भाजतही नसत. मध उकळून त्यात पावाचा चुरा आणि मसाले घालीत, घट्ट गोळा झाला की थापीत आणि वर लवंगा टोचून सजवीत. आमच्या गृहिणी याला वडीच म्हणतील! पुढे जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरीत हा खाऊ करणाऱ्या कारागिरांचा स्वतंत्र संघ १६४३ साली स्थापन झाला. त्या काळी लाकडात कोरलेल्या साच्यांत पीठ दाबून संतांच्या, राजांच्या आणि पशुपक्ष्यांच्या आकृती उठवीत. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहात १८१२ साली खाऊच्या घराची गोष्ट प्रसिद्ध झाली आणि या पिठाची घरे बांधण्याची हौस तेथे वाढीस लागली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मराठी ख्रिस्ती घरांतील नाताळचे ताट पाहिले तर त्यात जिंजरब्रेड क्वचितच दिसेल. त्यात दिसतील करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू आणि सोबत केक. गोव्यात नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका. दिवाळीचा फराळ आणि नाताळचा फराळ यांत आमच्या खेड्यापाड्यांत फारसे अंतर नाही, कारण कढईपुढे बसणाऱ्या हातांचे वळण एकच आहे. चांदणीची बिस्किटे ही अलीकडे शाळेतील समारंभांतून, बेकऱ्यांतून आणि पाकपुस्तकांतून आलेली नवलाई होय.

नाशिककरांना हे शेजारपण नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. आज शहरातील शरणपूर रस्त्याने जाणाऱ्या कित्येकांना त्या नावामागचा इतिहास ठाऊकही नसेल. लक्ष्मीबाई टिळक याच जिल्ह्यातल्या, गोदातीरावरील जलालपूरच्या. अतिशय कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंच्या मनावरील विटाळाचा आणि जातिभेदाचा पगडा कसकसा उतरत गेला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना सांगावयास नको. कोणी कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न आपल्याकडे केवळ पोटाचा कधीच नव्हता.

तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही, आणि म्हणूनच हा विषय आम्ही हाती घेतला. नाताळच्या दिवशी शेजारणीने जाळीदार रुमालाखाली झाकून आणलेले ताट आपण हसतमुखाने घेतो. परंतु अनेक सोवळ्या घरांत त्यातील केक तोंडापर्यंत पोहोचत नाही. त्यात अंडे असेल या शंकेने तो मागच्या दाराने दुसऱ्याच कोणाला दिला जातो. अंडे न खाण्याचा नेम पाळणे यात गैर काही नाही. नेम हा नेमच आहे. पण घेतलेले ताट गुपचूप दुसरीकडे जाते, हे शेजारणीला कधी तरी कळतेच. ती बोलत नाही आणि पुढील वर्षी ताट येत नाही. दोन घरांमधली एक वाट अशी विनाकारण बुजून जाते. आपल्याकडे तर शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये असा रिवाज आहे. घरात काही नसले तरी चमचाभर साखर घालून ते परत करावे, असे सासूने सुनेला सांगितलेले असते. नेमही राहावा आणि रिवाजही राहावा, असा मार्ग आहे काय?

असा मार्ग आम्हांला हरसूलच्या नागलीत दिसतो.

त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन पश्चिमेकडे निघाले, की डोंगरांच्या वळणांतून रस्ता गुजरातच्या सीमेकडे उतरू लागतो. या वाटेवर हरसूल आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी आणि ठाकर या समाजांचा हा मुलूख. पाऊस धो धो, शेती उताराची. भात, नागली, वरई आणि खुरासणी ही येथली पिके. राबावर रोपे वाढवायची, मग पावसात भिजत ती डोंगरउतारावर लावायची आणि दिवाळीच्या सुमारास कणसे खुडायची, असे नागलीचे कष्टाचे वर्ष असते. येथील आदिवासी बांधव धान्याला ‘कणसरी’ म्हणून देवी मानतात. नवे धान्य देवाला दाखविल्यावाचून तोंडात घालीत नाहीत. आपल्या नवान्नाच्या प्रथेची ही थोरली बहीणच म्हणावी.

गंमत अशी, की ही नागली मूळची आपली नव्हे. ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातून हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि येथलीच झाली. आपली सुंठ परदेशी गेली, परदेशची नागली आपल्या चुलीवर आली. अन्नाला सीमा माहीत नसतात. ‘बेथलेहेम’ या येशूच्या जन्मगावाच्या नावाचा हिब्रू भाषेतील अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. नागलीच्या भाकरीवर जगणाऱ्या या डोंगरांना तो अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरातील घरांतही नागलीला पुन्हा मान मिळू लागला आहे.

अंडे न घालता, घरच्या तुपात, नागलीची सुंठगुळाची बिस्किटे करण्याची रीत आता देत आहोत.

साहित्य : नागलीचे पीठ १ वाटी, कणीक १ वाटी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, थिजलेले तूप अर्धी वाटी, सुंठपूड २ चहाचे चमचे, दालचिनीची पूड १ चमचा, लवंगा ४ ते ५ कुटून, जायफळ चिमूटभर, मीठ चिमूटभर, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, दही २ मोठे चमचे.

कृती : गुळात दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर तो केवळ विरघळवावा. पाक होऊ देऊ नये. पाक झाला तर बिस्किटे दातांना दाद देणार नाहीत. गाळून कोमट झाल्यावर त्यात तूप फेसावे. दोन्ही पिठे, मसाले, मीठ आणि सोडा एकत्र चाळून त्यात मिसळावे आणि शेवटी दही घालून गोळा करावा. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि बिस्किट हलके होते. हेच काम अंड्यावाचून साधायचे आहे. गोळा कोरडा वाटल्यास चमचाभर दूध घालावे. तो झाकून तासभर ठेवावा, म्हणजे नागली ओल शोषून घेते. नागलीच्या पिठाला गव्हासारखी चिकटाई नसते, म्हणून निम्मी कणीक अवश्य घालावी. नाही तर लाटताना कडा फाटतात.

मग पाव इंच जाडीची पोळी लाटून आकार कापावेत. साचे नसले तर वाटीची कड आणि सुरी पुरेशी आहे. भट्टी असल्यास १७० अंश सेल्सिअसवर १२ ते १५ मिनिटे भाजावे. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर मीठ पसरून ते झाकण ठेवून तापवावे, आत तिवई ठेवून तिच्यावर ताटली ठेवावी आणि मंद आचेवर सुमारे २० ते २५ मिनिटे भाजावे. पूर्वी खाली-वर निखारे ठेवून नानखटाई भाजीत, त्याचीच ही नवी तऱ्हा. बिस्किटे काढताना मऊ लागतात. गार झाली की खुटखुटीत होतात. हे ठाऊक नसल्याने पुष्कळजणी ती करपेपर्यंत आत ठेवतात.

नक्षीसाठी अर्धी वाटी पिठीसाखरेत लिंबाचा रस थेंब थेंब घालून दाट लेप करावा. मेंदीच्या कोनासारखा जाड कागदाचा कोन करून त्यात तो भरावा. बिस्किट पूर्ण गार झाल्यावाचून रेघ ओढू नये, अन्यथा साखर विरघळून ओघळते. पिवळ्या रंगाला चिमूटभर हळद, गुलाबीला बीटाचा रस पुरतो. रोज उंबऱ्यावर रांगोळी काढणाऱ्या हातांना याहून अधिक शिकवावे लागणार नाही.

नागलीचे बिस्किट भाजल्यावर गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीसारखे दिसते. त्यावर पांढऱ्या साखरेच्या दोन त्रिकोणांचा माणूस, झाड, मोर, हात धरून नाचणाऱ्यांचा फेर काढला, तर वारली घरांतील तांदळाच्या पिठाच्या चित्रांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. एक पथ्य मात्र पाळावे. वारल्यांचा लग्नचौक आणि त्यातील पालघट देवी ही त्यांची पूजेची वस्तू आहे. ती खाऊवर काढू नये. आपल्या देवाची मूर्ती आपण दातांखाली घेत नाही, तोच विवेक दुसऱ्याच्या देवाबाबतही ठेवावा.

ही बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे चांगली राहतात. देवापुढे मात्र नेहमीचाच नैवेद्य दाखवावा. सुंठवड्याची जागा बिस्किटाने घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. ज्याचा जो प्रसाद, तो त्याच्या जागी. आपल्याला ताट सजवायचे आहे ते शेजारासाठी. नाताळच्या सकाळी शेजारणीने ताट आणण्याची वाट न पाहता आपणच तिच्या दारी जावे, आणि आपला नेम असेल तर तोही मोकळेपणाने सांगावा, की आमच्याकडे अंडे चालत नाही, तुमच्या करंज्या आणि चकल्या मात्र आम्ही आवडीने खातो. उघडपणे सांगितलेल्या नेमाने मन दुखावत नाही. लपवून केलेल्या अव्हेराने दुखावते. पुष्कळदा असेही होते, की पुढील वर्षापासून शेजारीण आठवणीने आपल्यासाठी वेगळा वाटा काढू लागते.

आणि तिचे ताट आपल्या घरी राहिलेच, तर चिंता नको. नाताळानंतर तीन आठवड्यांच्या आत संक्रांत येते. त्याच ताटात तिळगूळ घालून ते परत करावे.