पाण्यालाही वाफसा असतो



चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिराशेजारून वाहणारी पवना तुम्ही पाहिली असेल. शहराच्या सांडपाण्याने तिथे तिची जी दशा झाली आहे, ती पाहून त्यात होडी घालावी असे कोणालाही वाटणार नाही. पण हीच नदी वर मावळात, १९७२ साली पुऱ्या झालेल्या पवना धरणात, लोहगड, तुंग आणि तिकोना किल्ल्यांच्या परिसरात निळीशार पसरलेली आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आठवडाभर राबणारी माणसे सुटीला मुलाबाळांसह तिथे येतात, तंबूत राहतात आणि वल्ह्याच्या लहान होड्यांतून फिरतात. काठच्या काही घरांना त्यातून चार पैसे मिळू लागले आहेत. साहजिकच इतर घरांतही विचार सुरू होतो की, आपणही दोन-चार होड्या घ्याव्यात काय? घ्यायला हरकत नाही. मात्र त्याआधी पुढील गोष्टी घरात बसून वाचा.

होडी कोणती?

कयाक ही अरुंद, लांबट होडी. तिच्यात पाय पुढे पसरून बसतात. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. उत्तर ध्रुवाकडील शिकारी लोकांनी सीलच्या कातड्याची अशी होडी केली. आज ती प्लॅस्टिकची मिळते. कनू ही वरून उघडी होडी, तिचे वल्हे एका पात्याचे. दोन्हींना डिझेल लागत नाही. पवनेचेच पाणी पुढे रावेतच्या बंधाऱ्यावरून शहराला पिण्यासाठी उचलले जाते, म्हणून तेलाचा तवंग न सोडणारी होडी इथे बरी.

वारा पाहा

पाऊस पडला म्हणून आपण लगेच पाभर घालीत नाही, वाफसा येण्याची वाट पाहतो. पाण्याचेही तसेच आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी पाणी आरशासारखे असते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे वारे सुटतात आणि घटकेत लाटा उठतात. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट संध्याकाळच्या अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती सहलीची होडी नव्हती, रोजच्या जाण्यायेण्याची होती. पण वारा सहल आणि प्रवास असा भेद करीत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळीच फेरी उरकावी. ढग दाटले की होड्या काठावर घ्याव्यात. पावसाळ्यात होडी पाण्यात घालूच नये.

नदीचा हिशेब आणखी वेगळा. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीत फुगीर तराफे आणि कयाक चालतात, ते मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सुटते तेव्हा. पाणी कधी सुटणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याने धरणाखालच्या नदीत उतरू नये.

वाटाड्या शिकलेला हवा

काठच्या लोकांजवळ एक मोठी ठेव आहे. ज्यांची शेते या धरणात गेली, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना पाण्याखाली कुठे बांध, कुठे विहीर, कुठे झाडाचे खुंट आहेत ते ठाऊक असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने वाघेश्वर मंदिर वर येते, तसेच हे सारे पाण्याच्या तोंडाशी येते. हे ज्ञान बाहेरच्या माणसाला विकत मिळत नाही. तरुणांनी ते आजोबांकडून आजच समजून घ्यावे.

पण तेवढ्याने भागत नाही. ‘आमची पोरे पाण्यातच वाढली’ हे बोलणे वेगळे आणि बुडत्याला वाचवणे वेगळे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ अवर्षणाच्या भागातले. सैन्यात गेल्यावर त्यांनी वल्हे हाती धरले, पुण्यात शिकून तयार झाले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावे आले. पाणी शिकावे लागते, आणि शिकले की येते, हे त्यावरून ध्यानात घ्यावे. मुलाला रीतसर प्रशिक्षण, प्रथमोपचार आणि छाती दाबून श्वास देण्याची क्रिया शिकवल्याशिवाय पाहुणे त्याच्या हाती देऊ नका.

फेरीचे नियम

नवख्यांच्या पाच-सहा होड्यांमागे दोन जाणकार असावेत, एक पुढे आणि एक सर्वांच्या मागे. चाल सर्वांत सावकाश होडीची ठेवावी. काठ सोडून फार आत जाऊ नये. पोहता येवो न येवो, जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगात हवे. पट्टे आवळून खांद्यापाशी वर ओढून पाहावे. जाकीट हनुवटीवर आले तर ते सैल आहे. होडी उलटली तर तिलाच धरून राहायचे, काठाकडे पोहत सुटायचे नाही, हे निघण्यापूर्वी सांगावे. शिट्टी आणि दोर जवळ असावा. दारू प्यालेल्याला होडीत घेऊ नये, मग तो कोणीही असो.

कागद आणि हिशेब

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्याप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी आणि पाहुण्यांचा विमा हेही पाहावे.

कर्ज काढताना वर्षाचे ३६५ दिवस धरू नका. पावसाळ्याचे चार महिने गेले. उरलेल्या आठ महिन्यांतील शनिवार-रविवार मिळून सत्तर दिवस भरतात. त्यांतून वाऱ्याचे दिवस वजा करा. एवढ्यावर हप्ता फिटत नसेल तर होडी घेऊ नका, कारण हप्त्याच्या ओढीनेच माणूस नको त्या दिवशी होडी लोटतो. घरचा इंद्रायणी तांदूळ आणि पिठले-भाकरी यांची मिळकत जोडीला असेल, तर एखादा दिवस होडी काठावर राहिली तरी जड जात नाही.

शेवटी घरात एक गोष्ट ठरवून टाका. वाटाड्याने ‘आज नाही’ म्हटले की तो शब्द पाहुण्याने मोडायचा नाही आणि घरच्या कर्त्यानेही मोडायचा नाही. आगाऊ घेतलेले पैसे परत द्यावे लागले तर मुकाट्याने द्यावेत. हे ज्या घराला जमेल, त्याच घराने हा धंदा करावा.